गाडी रद्द झाली, रजा नाही

गावी जायची तयारी म्हणजे काय, हे लालबाग-परळच्या माणसाला सांगायला नको. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला तिकिटासाठी मोबाइल धरून बसायचं, तरी वेटिंगच लागायचं. मग साहेबांकडे रजेसाठी चार हेलपाटे. चिवडा गल्लीतून गावच्या मंडळींसाठी पाकिटं, आजीची औषधं, पोरांच्या चपला. एवढं सगळं झाल्यावर निघायच्या दिवशी मेसेज येतो की गाडी रद्द.

हे अधूनमधून होणारच. १४ जुलै २०२४ ला, रविवारी संध्याकाळी, खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आणि कोकण रेल्वे जवळजवळ चोवीस तास बंद पडली. त्याच आठवड्यात तिकडे पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या अडल्या होत्या. डोंगर पोखरून काढलेला हा ७४१ किलोमीटरचा मार्ग आहे. पावसाळ्यात त्याचं वेळापत्रकही वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात. रेल्वे नव्हती तेव्हा आपले आजे-पणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायचे. पावसाळा लागला की त्या बोटीही बंद व्हायच्या. गावाची वाट कायम निसर्गाच्या मर्जीवर राहिली आहे.

वाटेत अडकलेल्यांचे हाल वेगळे, त्यांना मदतच लागते. हे लिहिणं आहे घरातून अजून पाऊल न टाकलेल्यांसाठी. दाराशी भरलेल्या बॅगा, तोंड पाडून बसलेली मुलं, आणि "तरी मी म्हणत होते, आदल्या दिवशीचं काढा" असं सुरू झालेलं भांडण. त्या घरांना सांगायचंय की गाडी रद्द झाली असली तरी रजा रद्द झालेली नाही. सगळी माणसं एका वेळी घरात आहेत, आणि तुमच्या घरात हे वर्षातून किती वेळा होतं ते तुम्हीच आठवा.

पहिलं काम पैशांचं. ते एकाने करावं, बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावरून डोकावू नये. गाडी रेल्वेनेच रद्द केली असेल तर पूर्ण भाडं परत मिळतं. ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवर काढलेलं तिकीट मात्र तीन दिवसांच्या आत खिडकीवर नेऊन द्यावं लागतं. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही जायचं नाही असं ठरवलंत, तरी पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी ऑनलाइन तिकिटाचा टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, गाडी सुटायच्या आत भरलेला हवा. हे एवढंच काम आहे, त्यात दिवस घालवू नका.

दुसरं काम गावाला फोन. तिकडे कुणीतरी तुमच्यासाठी तांदूळ भिजत घातलेले असतात. त्यांना बातम्यांतून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे.

आणि भाड्याची गाडी करून रातोरात निघायचा हट्ट नको. रुळांवर दरड येते तेव्हा घाटातला रस्ताही त्याच पावसात असतो.

आता दिवसाचं बघू. गाडीत खायला केलेला डबा तयार आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या असतील, बटाट्याची कोरडी भाजी असेल, उकडलेली अंडी असतील. हा डबा घरी ताटात वाढून संपवू नका, तो घेऊन बाहेर पडा. गावच्या चिवड्यातलंही एक पाकीट फोडा, परत आणायला दुकान चार पावलांवर आहे. ज्या बाईने पहाटे उठून हे सगळं केलं, तिच्यावर "आता काहीतरी चमचमीत कर, तेवढाच मुलांना विरंगुळा" अशी वेळ आणू नका. त्या दिवशी गॅस पुन्हा पेटवायचा नाही. घरातल्या पुरुषांनी भांडी घासली तर सहल आणखी छान होईल.

जायचं कुठे? एकच जागा ठरवा, एका बसमध्ये किंवा दोन-तीन स्टेशनांत पोचता येईल अशी. चुकलेल्या सहलीची भरपाई म्हणून मॉल, सिनेमा, हॉटेल असा तिकिटाच्या दुप्पट खर्च करू नका. त्याने दिवस संपतो आणि कुरकुर तशीच राहते.

आंबेडकर रोडने सरळ गेलं की भायखळ्याला राणीची बाग. बुधवारी बंद असते, एवढं लक्षात ठेवा. मुलं २०१६ साली कोरियाहून आलेल्या पेंग्विनांकडे धावतील, धावू द्या. पण शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात त्यांना दगडी हत्ती नक्की दाखवा. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ च्या सुमारास इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले आणि उचलताना तो तुटला. पुढे त्याचे तुकडे जोडून त्याला उभं केलं, आणि तो मुंबईतच राहिला. प्रवास रद्द झालेला हा बहुधा मुंबईतला सगळ्यात वजनदार प्रवासी. मुलांना ही गोष्ट तिथे, त्याच दिवशी सांगितलीत तर जास्त रंगेल. काळा घोडाही इथेच आहे. ज्याच्यावरून काळा घोडा भागाला नाव पडलं तो पुतळा १९६५ साली तिथून हलवला.

मुलांना समुद्र हवा होता आणि दिवस कोरडा असेल, तर कॉटनग्रीनहून दोन स्टेशनांवर डॉकयार्ड रोड, आणि तिथून भाऊचा धक्का. मोऱ्याची लाँच धरा, पलीकडे उरणच्या बाजूला उतरा, चहा प्या, परत या. लाँच हलायला लागली की आजोबांना विचारा, तुमचे वडील कुठल्या बंदरावर उतरायचे? उत्तर लांबेल, लांबू द्या.

आजोबांचे गुडघे साथ देत असतील तर फिरायला तिकीटही लागत नाही. त्यांना पुढे घाला आणि जुन्या गिरण्यांच्या वाटेने चला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला हे मुलांना माहीत असतं. तिथे पाळ्या सुटायच्या तेव्हा रस्ता माणसांनी कसा भरायचा, हे फक्त आजोबांनाच माहीत असतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा घरात काय झालं, कोण गावी परत गेलं, कुणी भाजीची पाटी उचलली, हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही. खुर्चीत बसवून विचारलं तर ते "काय सांगायचं त्यात" म्हणतील. गिरणीच्या भिंतीपाशी उभं केलंत तर आपणहून बोलतील.

मला वाटतं, खरी अडचण गाडीची नाहीच. मुंबई पोट भरायला आणि गाव जगायला, ही वाटणी आपण गिरणी कामगारांकडून घेतली. त्यांच्यासाठी ती खरी होती. एका खोलीत दहा-बारा जण राहायचे, जेवण खानावळीत, बायकामुलं गावाला. सुट्टी म्हणजे गावच, दुसरं काही नव्हतंच. आपली बायकामुलं इथे आहेत. मुलं इथल्या शाळेत जातात, इथल्या मैदानात पडून गुडघे फोडतात. तरी आपण त्यांना या शहरात फिरवत नाही, कारण फिरणं गावासाठी राखून ठेवलेलं. मग एक गाडी रद्द झाली की घराला वाटतं, सगळी सुट्टीच बुडाली.

गावाची ओढ कमी करा असं कुणी म्हणत नाही. गणपतीला आणि शिमग्याला एसटी पकडून, उभ्याने का होईना, माणूस जाणारच. घरातलं कार्य असेल, कुणी आजारी असेल, तर जायची दुसरी वाट शोधावीच लागते. तिथे हा सल्ला लागू नाही. मुंबईतही पाऊस कोसळत असेल, हिंदमाताला पाणी भरलं असेल, तर बाहेरच पडू नका. डबा गॅलरीत उघडा, शेजारच्या खोलीतल्यांना बोलवा, पत्ते काढा. आणि आजीला वाईट वाटत असेल तर "चल, मजा करू" म्हणून तिला ओढू नका. तिला तिच्या बहिणीशी फोनवर तासभर बोलू द्या, ती सहल तिची.

कुठे जायचं हे ठरवायचा मान आळीपाळीने द्या. दर वेळी बाबांनी ठरवलं तर तोही ऑफिसचाच कार्यक्रम होतो. या वेळी सातवीतल्या मुलीने, पुढच्या वेळी सुनेने. निवड कशीही निघाली तरी "काय दाखवलंस हे" म्हणायचं नाही, एवढा एकच नियम.

तेव्हा पुढचं तिकीट काढाल त्या सकाळी, वेटिंग किती लागलं ते बघून झालं की घरात हेही ठरवून टाका: गाडी रद्द झाली तर पाळी कुणाची?