नाताळ आणि बालमनातील नवल

नाताळच्या कथेतील बहुतेक सारी माणसे चकित झालेली आहेत. रात्रीच्या थंडीत कळप राखणारे मेंढपाळ आभाळाकडे पाहून भयचकित होतात, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष एका ताऱ्याच्या मागे निघतात आणि मरिया ऐकलेले सर्व अंतःकरणात साठवून ठेवते. हीच कथा मुलांना शिकविताना मात्र आपण तिच्यातील नवल तेवढे वगळतो, हे खेदाने म्हणावे लागते. शब्बाथ शाळेत वचने मुखोद्गत होतात, बक्षिसेही वाटली जातात. पण 'तारा चालला कसा?' असे एखाद्या पोराने विचारलेच, तर त्याला गप्प बसविण्यात येते. पाठांतराची आम्हांस टर उडवावयाची नाही. लहानपणी पाठ केलेले वचन पुढे संकटात आठवते. तथापि केवळ ओठांवर राहिलेला धर्म मूल मोठे झाले की गळून पडतो.

आपल्या भागाला याहून चांगली परंपरा आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले आणि १८४६ मध्ये त्यांनी तेथे शाळा काढली. हा धर्मोपदेशक वाटेवरचा दगडही उलटून पाहणारा होता. नागपूरजवळ टाकळीच्या परिसरात, लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात, त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातील शंखांचे व वनस्पतींचे जीवाश्म आढळले. गोंडांची गीते व कथाही हिस्लॉप यांनी जमविल्या. त्या त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. निर्मात्यावरील श्रद्धा आणि निर्मितीविषयीचे कुतूहल या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. कारंज्याची काळी जमीन त्याच लाव्ह्याच्या खडकाची झीज होऊन बनलेली आहे, हे येथील किती मुलांना कोणी सांगितले असेल?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही असेच. नागपूर-राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबल वाचावयास दिले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. रानातील एका फुलावर त्यांनी 'वनवासी फूल' हे दीर्घकाव्य रचले. रानफुलांकडे पाहा, असे येशूनेही आपल्या शिष्यांस सांगितलेच होते.

याकरिता खर्च फारसा नाही. मोहरीचा दाखला सांगताना प्रत्येकाच्या तळहातावर एक दाणा ठेवावा आणि त्याने प्रश्न विचारीपर्यंत शिक्षकाने थांबावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. एखादा रविवारचा वर्ग संत्र्याच्या बागेत भरवावा. आणि नाताळच्या पूर्वरात्री उपासना आटोपल्यावर मुलांना लगेच घरी नेण्याची घाई न करता मंदिराबाहेर क्षणभर उभे करावे. डिसेंबरात मृग नक्षत्र त्या वेळी आभाळात चांगले वर आलेले असते.