चाचांच्या चिठ्ठ्या

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला आणि मुलांनी त्यांची पुस्तकं एका वाचनालयाला दिली. निम्मी उर्दू, म्हणून यादी करायला मला बोलावणं आलं.

मी पोचले तेव्हा ओल्या फडक्याने पानं पुसणं चाललं होतं. चाचांनी आत जे जे चिकटवलं होतं, ते काढून पुस्तकं ‘स्वच्छ’ करायची होती.

चाचांचं वाचणं म्हणजे चिकटवणं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्राम’मध्ये अडलेल्या मराठी शब्दांचे अर्थ उर्दू लिपीत लिहून त्या चिठ्ठ्या खळीने समासात लावलेल्या. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याची कात्रणं एका कवितासंग्रहात. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये पुठ्ठ्याच्या आत एसटीचं तिकीट आणि एक चिठ्ठी: पटलं नाही, पण दोनदा वाचलं.

“मॅडम, पिठाच्या खळीला कसर लागते. एकामुळे सगळं कपाट जातं,” ग्रंथपाल म्हणाले. त्यांचं खोटं नाही. कसर मीही पाहिली आहे. पण कोरं ‘इंधन’ कुठल्याही वाचनालयात मिळेल. उसाच्या गावात बसून एक मुसलमान मास्तर दलवाईंशी भांडतोय, अशी प्रत एकच होती.

पाटण्याच्या खुदाबख्श लायब्ररीत दिवान-ए-हाफिजचं एक हस्तलिखित आहे. हुमायून आणि जहांगीर त्यातून फाल काढायचे. कोणत्या प्रसंगी काय निघालं, ते समासात लिहिलेलं आहे. त्यावर कुणी ओलं फडकं फिरवत नाही. बादशहाचा समास ठेवा आणि मास्तरचा समास घाण, हे मला मान्य नाही.

या शौकाची वाईट बाजूही आहे. इंग्लंडमध्ये १७६९ साली जेम्स ग्रेंजरचा चरित्रग्रंथ निघाला. लोक त्याच्या प्रतींत माणसांची चित्रं चिकटवू लागले आणि त्यासाठी दुसरी पुस्तकं कापू लागले. चाचांनी कापली ती फक्त रद्दीत जाणारी वर्तमानपत्रं.

माझं मागणं फार नव्हतं. आधी मोबाईलवर पानाचा फोटो घ्या, मग चिठ्ठी सोडवा, पाकिटात घाला, वर पुस्तकाचं नाव आणि पान नंबर लिहा. उरलेल्या पुस्तकांचं तसं झालं. आधी निघालेल्या चिठ्ठ्या मी चपलांच्या खोक्यात घरी आणल्या. कोणती कुठली, काही कळत नाही.

त्यातली एक आहे: “अविंध, यानी हम लोग.”

हा शब्द शेख महंमद स्वतःसाठी वापरतात. बखरींत तोच शब्द दुसरे आपल्याला लावतात. चाचांकडे बखरीही होत्या. ही चिठ्ठी कुठल्या पानावरची, ते आता कुणाला विचारू?