बॉम्बे हायचे देणे आणि तिजोरीचे घेणे

तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या, म्हणजेच ओएनजीसीच्या, वाटचालीची चर्चा मुंबईच्या शेअर बाजारात होते आणि दिल्लीच्या मंत्रालयांत होते. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूरच्या कृषी सेवा केंद्रात ती होण्याचे कारण वरकरणी दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा हा कापूस, तूर आणि सोयाबीनचा तालुका. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यामुळे खारे पाणी मात्र त्याच्या वाट्याला आलेले. परंतु येथील शेतकरी ट्रॅक्टरमध्ये ओततो ते डिझेल, त्याच्या घरातील गॅसची टाकी आणि कपाशीला घालतो तो युरिया या तिन्हींचे धागे अरबी समुद्रातील एका तेलक्षेत्राशी जुळलेले आहेत. अलिबागजवळचा थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना बॉम्बे हायच्या वायूच्या भरवशावरच उभा राहिला. म्हणूनच या कंपनीची वाढ नेमकी कशात झाली आणि कशात खुंटली, हा प्रश्न केवळ भागधारकांचा नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारताच्या भूमीत फारसे तेल नाही, असेच पाश्चात्त्य तेलकंपन्यांचे मत होते. ते न जुमानता केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, १९५९ मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला, आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. परंतु संस्थेचे भाग्य खऱ्या अर्थाने पालटले ते समुद्रात. साठच्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपीय पाहणीत मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली एक प्रचंड उंचवटा आढळला. जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा खोदकामाचा मनोरा तेथे नेण्यात आला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले.

मुहूर्त याहून चांगला असूच शकला नसता. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव बॅरलला सुमारे तीन डॉलरवरून काही महिन्यांतच बारा डॉलरच्या आसपास गेला होता आणि परकीय चलनाची ओंजळ रिती होत होती. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या या क्षेत्रातून मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी वसईच्या समुद्रात मोठा वायुसाठाही सापडला. १९८५ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार बॅरलपर्यंत पोहोचले. देशाच्या गरजेपैकी सुमारे दोन तृतीयांश तेल तेव्हा देशातच निघत होते. आज ही गोष्ट दंतकथेसारखी वाटते.

याच शिखरावर उताराचीही सुरुवात होती. तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचा हौद नव्हे. खडकाच्या बारीक छिद्रांत साठलेले तेल दाबामुळे वर येते. तो दाब टिकवण्यासाठी विहिरींत पाणी सोडावे लागते आणि उपसा बेताने करावा लागतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादनाची लक्ष्ये गाठण्याच्या ईर्ष्येत हा बेत सुटला, अशी टीका पुढे झाली. देशाचे तेलउत्पादन १९८९-९० मध्ये ३.४ कोटी टन होते. ते १९९२-९३ मध्ये २.७ कोटी टनांवर आले. दुर्दैव असे की, ही घसरण आखाती युद्ध आणि १९९१ चे परकीय चलनसंकट यांच्याच काळात झाली. सोने गहाण ठेवण्याच्या त्या कहाणीत बॉम्बे हायच्या आजारी विहिरींचाही वाटा होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

पुढे आर्थिक सुधारणांच्या ओघात आयोगाची कंपनी झाली. ‘महारत्न’ हा किताब यथावकाश मिळाला. पन्ना, मुक्ता व ताप्ती ही शोधून ठेवलेली क्षेत्रे १९९४ मध्ये एन्रॉन व रिलायन्स यांच्याबरोबरच्या संयुक्त उपक्रमात गेली. सुबीर राहा यांच्या अध्यक्षपदाच्या काळात कंपनीने विस्ताराचा धडाका लावला. रशियातील सखालीन-१ प्रकल्पात २० टक्के आणि सुदानमध्ये २५ टक्के हिस्सा घेण्यात आला. २००३ मध्ये मंगळूरचा तेलशुद्धीकरण कारखाना ताब्यात आला. मार्च २००४ मध्ये सरकारने १० टक्के समभाग विकून सुमारे साडेदहा हजार कोटी रुपये उभे केले. तेव्हा ओएनजीसीच्या नावाला बाजारात सोन्याचा भाव होता.

मात्र याच सुमारास कंपनीच्या खिशाला एक मोठे भोक पडले. पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस खर्चापेक्षा कमी दराने विकण्याचा बोजा विक्री कंपन्यांवर पडत होता. त्यातला वाटा २००३-०४ पासून तेल काढणाऱ्या कंपन्यांनी सवलतीच्या रूपाने उचलावा, असे ठरले. २०१३-१४ या एका वर्षात ओएनजीसीने अशी ५६ हजार कोटींहून अधिक सवलत दिली. त्या वर्षीचा तिचा निव्वळ नफा सुमारे २२ हजार कोटी होता. संग्रामपूरसारख्या तालुक्यात स्वस्त डिझेल पोहोचले ते या वाटेने, आणि ते पोहोचणे गैर होते असे म्हणणे निष्ठुरपणाचे ठरेल. विहिरीच्या तळाशी गेलेले पाणी उपसणाऱ्याला डिझेलच्या लिटरमागचे दोन रुपये किती मोठे असतात, हे मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत बसून कळत नाही. आक्षेप वेगळा आहे. शेतकऱ्याला मदत करण्याचे कर्तव्य अर्थसंकल्पाचे होते. ते ज्या पैशातून नवा शोध व्हायचा, त्या पैशातून पार पाडले गेले. आणि हे कोणी कधी संसदेत अनुदान म्हणून मंजूर केले नाही. ताळेबंदाच्या आडोशाने ते होत राहिले.

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, पुढे सवलतीचा हा भारही थांबला. पण तिजोरीचे घेणे थांबले नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने हिंदुस्थान पेट्रोलियममधील आपला ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीला ३६,९१५ कोटी रुपयांना विकला. सरकारी कंपनीने सरकारी कंपनी सरकारकडून विकत घेतली. निर्गुंतवणुकीचे लक्ष्य गाठले गेले आणि ओएनजीसीला मात्र कर्ज काढावे लागले. त्याआधी २०१७ मध्ये गुजरात सरकारच्या कंपनीचा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ८० टक्के हिस्साही तिने सुमारे ७,७०० कोटींना घेतला होता. कंपनी आकाराने वाढली, ती अशी. विहिरींतून निघणारे तेल वाढले नाही.

एक वाटा महाराष्ट्राचाही आहे, किंवा नाही असे म्हणणे अधिक योग्य. गुजरात व आसामला त्यांच्या भूमीवरील तेलाबद्दल स्वामित्वधन मिळते. समुद्रातील संपत्ती मात्र राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार केंद्राची. त्यामुळे बॉम्बे हायच्या तेलाचे स्वामित्वधन राज्याला मिळत नाही. उरणच्या किनाऱ्यावर प्रकल्प आहे, तेथे सप्टेंबर २०१९ मध्ये आग लागून चौघांचा बळी गेला. समुद्रातली किंमत त्याहून मोठी. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरातून सावरत नव्हती तोच, एक जहाज बॉम्बे हाय उत्तरच्या फलाटावर आदळले आणि फलाट जळून नष्ट झाला. २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा इशारा असतानाही ‘पी-३०५’ हा तराफा समुद्रात राहिला आणि तो बुडून ७० हून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. त्यातले बहुतेक कंत्राटी होते. वाढीच्या ताळेबंदात या रकान्याला जागा नसते.

या साऱ्याचा हिशेब आज आयातीच्या आकड्यात दिसतो. देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. नैसर्गिक वायूचीही जवळपास निम्मी गरज आयातीवर आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते, कारण फरक केंद्र सरकार भरते. देशातला वायू जितका आटेल, तितकी अनुदानाची ही रक्कम परदेशातल्या वायूच्या भावावर हिंदकळत राहणार. डिझेलला तर तो आधारही नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने भाव भडकले, तेव्हा सरकारने देशी तेलउत्पादकांवर लाभकर बसवला, तो डिसेंबर २०२४ पर्यंत राहिला. भाव चढला की घ्यायचे आणि भाव उतरला की विसरायचे, ही रीत पक्षनिरपेक्ष आहे.

बॉम्बे हाय एप्रिल २०२४ मध्ये दिवसाला सुमारे १ लाख ३४ हजार बॅरल देत होते. पन्नाशी उलटलेल्या क्षेत्राकडून यापेक्षा फार अपेक्षा करता येत नाही, असे काही जाणकार मानतात. कंपनीचे म्हणणे वेगळे आहे. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात जानेवारी २०२४ मध्ये तेल निघू लागले. आणि जानेवारी २०२५ मध्ये बॉम्बे हायसाठी ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड झाली. दहा वर्षांत तेल व वायूचे उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, असा बीपीचा अंदाज आहे. मालकी ओएनजीसीचीच राहणार आहे. बीपीला पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला हिस्सा मिळेल. म्हणजे तेल वाढले तरच तिचा लाभ. साठा कसा सांभाळायचा हे ठरवताना तिला दिल्लीच्या अर्थसंकल्पातील तूट भरून काढायची नाही. ओएनजीसीच्या अभियंत्यांना ही मोकळीक गेल्या चार दशकांत क्वचितच मिळाली होती.