घरपट्टीचे माप एक असावे

जकात गेल्यानंतर आपल्या शहरांच्या हाती स्वतःचा म्हणावा असा एकच मोठा कर उरला, तो म्हणजे मालमत्ता कर. आपल्या बोलीतली घरपट्टी. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी संपुष्टात आली, तर अन्य शहरांत तिची जागा घेणारा स्थानिक संस्था कर 2015 मध्येच बहुतांशी गुंडाळला गेला होता. राज्य शासनाकडून भरपाई मिळते खरी. परंतु दुसऱ्याच्या हाताकडे पाहणाऱ्या संस्थेस स्वायत्त म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

असे असता घरपट्टीची अवस्था काय आहे? कर ज्या मूल्यावर बसतो, त्या मूल्यावरच नागरिकाचा विश्वास नाही. घर भाड्याने दिल्यास वर्षाकाठी किती भाडे येईल, त्यावर कर बसविण्याची पद्धत पूर्वापार चालत आली. मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठली आणि त्यांबरोबर कराचा पायाही गोठला. जुन्या चाळीतील भर बाजारपेठेतला दुकानदार किरकोळ कर भरी, आणि उपनगरात कर्ज काढून घर घेतलेल्या कारकुनावर मात्र नव्या मूल्याचा बोजा पडे. 2010 पासून मुंबईने भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. परंतु भविष्यातील बांधकामक्षमता गृहीत धरून जमिनीचे मोल ठरविणारे तिचे नियम 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकले नाहीत. पुण्यात भाड्याचेच माप चालू आहे.

सवलतींची कथा याहून बोलकी आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकास 1970 पासून 40 टक्क्यांची सवलत होती. ती शासनाने काढून घेतली आणि 2023 मध्ये पुन्हा दिली. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 मध्ये माफी मिळाली. सवलती योग्य की अयोग्य, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. दोन्ही प्रश्नांचा अखेरचा निवाडा मंत्रालयात झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकेकटी महापालिका तेथे जाते ती अर्जदार म्हणून.

शिवाय कोणतेही शहर एकट्याने फेरमूल्यांकनास धजावत नाही, कारण शेजारच्या शहराचा दाखला लगेच तोंडावर फेकला जातो. सीमेवरील गावांचा अनुभवही हेच सांगतो. फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली आणि 2024 मध्ये वेगळी होऊन त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. या घडामोडीत वाढीव करआकारणीची तक्रार अग्रभागी होती.

यावर उपाय एकच दिसतो : मूल्यांकनाचे काम शहरांनी एकत्र येऊन करावे. ही कल्पना नवी नाही. पश्चिम बंगालने नगरपालिकांच्या मूल्यांकनासाठी मध्यवर्ती मंडळ नेमण्याचा कायदा 1978 मध्येच केला. तेराव्या वित्त आयोगानेही राज्यांनी मालमत्ता कर मंडळे स्थापावीत, असे सुचविले होते. पण वरून लादलेले मंडळ म्हणजे आणखी एक सरकारी कचेरी, ही भीती रास्त आहे. म्हणून मंडळ महापालिकांचेच असावे, खर्च त्यांनीच वाटून घ्यावा. नकाशे, मोजणी आणि मूल्य ठरविण्याची रीत सर्वांची एक; कराचा दर मात्र ज्याच्या त्याच्या सभागृहाने ठरवावा. यामुळे स्वायत्तता जाते, असे म्हणणाऱ्यांनी आज ती कितपत शिल्लक आहे, हेही सांगावे.

छोट्या नगरपालिकांचा लाभ तर सर्वांत मोठा. तेथे मोजणीदार अपुरे, आणि मोजणारा व मोजून घेणारा बहुधा एकमेकांच्या ओळखीचे.

आरंभ पुणे आणि पिंपरी-चिंचवड या जोडशहरांनी करावा. दोन्हीकडची माणसे रोज एकमेकांच्या हद्दीत कामास जातात, रस्ते एक आहेत, घरांचे व्यवहारही एकाच बाजारात होतात. दोन्ही महापालिकांनी पुढील फेरमूल्यांकनाआधी संयुक्त समिती नेमावी आणि तिची मोजणीची रीत हरकतींसाठी नागरिकांपुढे ठेवावी.