संग्रहालयाची अक्षयनीवी
वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीला दाता मिळतो, कोनशिलेवर नावही झळकते. पण पहारेकऱ्याचे वेतन, विजेचे देयक, वाळवीचा बंदोबस्त यांवर नाव कोठे कोरणार? नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या, स्वतःचे संग्रहालय सांभाळणाऱ्या संस्थांपुढे हा खर्च दरवर्षी उभा राहतो.

त्यावरील तोडगा पांडवलेण्यांतच कोरलेला आहे. दहावे लेणे खोदविणारा उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई, लेणे देऊन थांबला नाही. गोवर्धनच्या विणकरश्रेणींकडे त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजच भोगावयाचे. पैकी २००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. त्यांतून वर्षावासातील २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. जमाखर्चाचा असा मेळ आज किती विश्वस्तांना साधतो?

इमारतनिधी स्वीकारतानाच दात्याकडे अशी कायम ठेवही मागावी. दालन एक कमी झाले तरी चालेल.