स्वगतीचे गणित

'आपापल्या गतीने शिका' हे आश्वासन सुखद आहे. पण ते पाळले जाते का, हे पाहायला हवे. केंद्र शासनाचे 'स्वयम्' व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटेल' उपक्रमातील गणिताची व्याख्याने तेथे विनामूल्य ऐकता येतात. चांदूर बाजारच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला असे अध्यापक एरवी भेटले नसते. हे ऋण मान्य करूनच आम्ही लिहीत आहोत.

व्याख्यान थांबवता येते, मागे नेता येते. श्रेयांकासाठी नाव नोंदवले की मात्र दर आठवड्याचा स्वाध्याय ठरल्या तारखेलाच द्यावा लागतो. मग ही गती कोणाची?

आम्ही मराठीचे अध्यापक. गणितात आमचा अधिकार नाही. पण सिद्धता ही वाचावीच लागते, आणि वाचनाशी आमचा संबंध आहे. सीमेची व्याख्या घ्या. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो' आणि 'असा एक डेल्टा असतो की जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो' या दोन वाक्यांत शब्द जवळपास तेच, अर्थ मात्र अगदी निराळे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी येथे गणितात अडली की इंग्रजी वाक्यरचनेत, हे पडद्याला कळत नाही. पुष्कळदा तिलाही कळत नाही. ती चित्रफीत मागे नेते, तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा ऐकते. वर्गातला बरा शिक्षक तिचा चेहरा पाहून वाक्य बदलतो.

भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. वाचणाऱ्याला संबोधून प्रश्न विचारणारा इतका बोलका गणितग्रंथ विरळा. तरीही त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असे तेथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो. ग्रंथ हाताशी असूनही एकत्र बसण्याची जागा लागलीच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील विषयांपैकी 'स्वयम्'वरून घेण्याची मर्यादा २०२१ मध्ये २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली. ही मुभा वाईट नाही. आमची धास्ती एवढीच, की रिक्त पद न भरण्याला तिचे निमित्त होईल आणि तासिका तत्त्वावरचा गणिताचा अध्यापक सर्वांत आधी घरी बसेल. असे विषय घेणाऱ्यांसाठी वेळापत्रकात आठवड्याला दोन तास, शंका ऐकणारा अध्यापक आणि त्याचे रीतसर मानधन, एवढे तरी महाविद्यालयांनी द्यावे. त्या तासाला आम्हांलाही बोलवायला हरकत नाही. 'प्रत्येक' आणि 'एक' यांविषयी आम्हीही थोडे बोलू शकू.