‘नुसता एमबीबीएस?’

घरातली मुलगी किंवा मुलगा डॉक्टर झाला की पेढे संपायच्या आत विचारणा होते, ‘पुढे काय? नुसता एमबीबीएस?’ या ‘नुसता’ शब्दाने आपण गावाचा डॉक्टर घालवतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावाचा विचार करा. सातपुड्याच्या या पट्ट्यात सिकलसेल बराच आढळतो. तो आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. अशा घराला लग्नाआधीच तपासणी समजावणारा, मुलाचे दुखणे, सुनेचे बाळंतपण आणि आजोबांचा रक्तदाब एकत्र पाहणारा डॉक्टर हवा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकेका भागाचे जाणकार आमच्याकडे पुष्कळ असतात, पण बिघाड नेमका कुठे आहे हे संपूर्ण रचना ओळखणाराच सांगतो. फॅमिली डॉक्टर तसा असतो.

मग विद्यार्थी ही वाट का धरत नाहीत? ते मोठ्या रुग्णालयात शिकतात आणि शिकवणारे बहुतेक विशेषज्ञ असतात. जे डोळ्यांसमोर नाही, ते व्हावेसे कसे वाटेल? २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसिनला चालना द्यायला सांगितले, तरी या विषयातल्या एमडीच्या जागा मोजक्याच आहेत.

ज्यांनी ही वाट धरली, त्यांना कुठेतरी ती दिसली होती. डॉ. रवींद्र कोल्हे यांना विद्यार्थिदशेत डेव्हिड वर्नर यांच्या पुस्तकाने मेळघाटची दिशा दाखवली. डॉ. स्मिता यांच्यासह त्यांनी बैरागडला आयुष्य घातले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

आता संधी जवळ आली आहे. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आता विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. हे काम वहीपुरते उरू नये. विद्यार्थी दारात आले तर त्यांना घरात बसवा, आपल्या घरातले आजार मोकळेपणाने सांगा. ग्रामसभेत डॉक्टरच्या राहण्याच्या खोलीचा, औषधांचा प्रश्न विचारा. केवळ त्यागाच्या भरवशावर कोणी गावात टिकत नाही, आणि तशी अपेक्षा करणेही न्यायाचे नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी एमबीबीएस झाल्याचे कळले, तर ‘नुसता’ हा शब्द गिळून एवढेच विचारू या: ‘आमच्या गावात कधी येता?’